सहा फेऱ्या आणि एक फोन

अठरा वर्षं मी लोकांना पाणी पुरवण्याचं काम केलं. कुठल्या टाकीत किती पाणी आहे, कुठला पंप कधी चालू करायचा, कुठला व्हॉल्व्ह कधी बंद करायचा, हे सगळं ठरवणारं सॉफ्टवेअर आमची बारा जणांची कंपनी सांभाळायची. त्यातला निम्म्याहून जास्त कोड माझ्या हातचा. मग एका बड्या कंपनीने आम्हाला विकत घेतलं, सहा महिने निरखून पाहिलं आणि एका मंगळवारी सगळ्यांना घरी पाठवलं. चव्वेचाळिसाव्या वर्षी मी नोकरी शोधायला निघाले.

माझी भाची, मोठ्या बहिणीची मुलगी, अशाच एका बड्या कंपनीत इंजिनिअर आहे. तिने माझा बायोडाटा वाचला आणि डोळे मिटून घेतले.

"मावशी, हे तू काय लिहिलंयस? 'पंप चालू-बंद करण्याची प्रणाली केली.'"

"केलीच होती."

"केली नाही म्हणायचं. 'लाखो नागरिकांच्या जीवनावर परिणाम घडवणाऱ्या प्रणालीचं नेतृत्व केलं' म्हणायचं."

"अगं, पण नेतृत्व आमचे साहेब करायचे. मी कोड लिहायचे."

"मग तुला कोण घेणार?"

तिने बायोडाटा पुन्हा लिहिला. वाचून मला त्या बाईचा हेवा वाटला. अशी कर्तबगार बाई मी जन्मात पाहिली नव्हती.

त्या बाईला आठवड्याभरात बोलावणं आलं. कंपनी नावाजलेली. लोकांनी एकमेकांना आपले फोटो पाठवावेत म्हणून तिथे हजारो माणसं राबतात. एकूण सहा फेऱ्या होत्या. पहिली फोनवरची. बोलणारी मुलगी समोरचा कागद वाचत होती, हे तिच्या श्वासावरून कळत होतं. "तुम्हाला आव्हानं आवडतात का?" तिने विचारलं. अठरा वर्षांत एकदाही शहराचं पाणी बंद पडू दिलं नाही, असं मी सांगितलं. ती म्हणाली, "छान. म्हणजे हो असं लिहू ना?"

दुसरी फेरी घरूनच, कॅमेऱ्यासमोर. नजर इकडेतिकडे गेली की यंत्राला कॉपीचा संशय येतो, म्हणून दीड तास मी मान न हलवता बसले. नवरा शेवटी खांद्याला हात लावून बघून गेला.

त्यापुढच्या चार फेऱ्या एकाच दिवशी त्यांच्या ऑफिसात होत्या, आणि त्यांच्यासाठी भाचीने माझा महिनाभर अभ्यास घेतला. रोज संध्याकाळी ती कामावरून थेट आमच्याकडे यायची आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर कागद पसरायची. प्रश्न कोड्यांसारखे. त्यातलं एक कोडं तिने माझ्याकडून दहादा तरी घोटून घेतलं. एका इमारतीत दिवसभर लोक येतात-जातात. प्रत्येकाच्या येण्याची आणि जाण्याची वेळ दिली आहे. तर एकाच वेळी जास्तीत जास्त किती माणसं आत होती?

"सोपं आहे," मी म्हटलं. "सगळ्या वेळा क्रमाने लावायच्या. कोणी आलं की एक मिळवायचा, गेलं की एक वजा."

"चूक."

"चूक कसं? बरोबर आहे की!"

"उत्तर बरोबर आहे, सांगायची पद्धत चूक. असं धाडकन सांगितलंस तर त्यांना कळेल की तुला पाठ आहे. आधी एक वाईट उत्तर सांगायचं. प्रत्येक माणूस दुसऱ्या प्रत्येकाशी ताडून बघू, असं काहीतरी. मग स्वतःच म्हणायचं, हे फार हळू चालेल. मग गप्प बसायचं."

"किती वेळ?"

"साधारण वीस सेकंद. फळ्याकडे बघत. मग कपाळाला हात लावायचा आणि म्हणायचं, 'एक मिनिट, हे सगळं क्रमाने लावलं तर?'"

"आणि समोरच्याला हे नाटक कळत नाही?"

"तोही असंच करून आत आलेला असतो, मावशी."

ती हसली नाही. हे सगळं ती मनापासून शिकवत होती, जसं एखाद्याला गाडी चालवायला शिकवावं.

ऑफिसात प्रत्येक काचेच्या खोलीला पक्ष्याचं नाव होतं. मला गरुडात बसवलं. समोरचा तरुण हुडी घालून आला, टोपी डोक्यावर तशीच. हात मिळवला, लॅपटॉप उघडला आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "समजा, एक इमारत आहे. त्यात दिवसभर लोक येतात आणि जातात..."

तेच कोडं. आनंद झाला की लाज वाटली, ते तेव्हा कळलं नाही. मी फळ्यापाशी गेले. पहिले तीन मार्कर वाळलेले निघाले, चौथा चालला. आधी वाईट उत्तर सांगितलं. मग म्हटलं, हे फार हळू चालेल. मग गप्प बसले. वीस सेकंद हा किती प्रचंड काळ असतो! हुडीवाल्याची बोटं कीबोर्डवरून उठली. मी कपाळाला हात लावला.

"एक मिनिट," मी म्हटलं, "हे सगळं क्रमाने लावलं तर?"

त्याचा चेहरा उजळला. आयुष्यात एवढ्या कमी लायकीच्या कामासाठी कोणी माझ्याकडे इतक्या कौतुकाने पाहिलं नव्हतं.

त्यानंतर आणखी एक कोडं झालं. एक प्रणाली कागदावर बांधून दाखवायला लावली, तीही दाखवली. शेवटची फेरी मूल्यांची. तिथे एक नीट कोरलेल्या दाढीचा गृहस्थ बसला होता. त्याने खुर्ची पुढे ओढून, जवळच्या नातेवाइकासारखा आवाज काढून विचारलं, "तुमचं एखादं अपयश सांगा ना."

इथेही काय सांगायचं ते भाचीने शिकवलं होतं. 'मी कामात फार बारकाईने लक्ष घालते' छापाचं काहीतरी अपयश म्हणून सांगायचं असतं. पण सकाळच्या नाटकाने तोंड कडू झालं होतं. मी खरं सांगितलं.

अकरा वर्षांपूर्वी मी पंपांच्या कोडमध्ये एक बदल केला होता. टाकीतलं पाणी मोजणारा सेन्सर बिघडला की शून्य आकडा पाठवतो, हे माझ्या लक्षात आलं नाही. माझ्या कोडने शून्याचा अर्थ 'टाकी रिकामी' असा लावला आणि पंप चालूच ठेवले. टाकी भरून वाहिली. शेजारी एक छापखाना होता, त्याच्या तळघरात गुडघाभर पाणी शिरलं आणि शाळेच्या पुस्तकांसाठी आणलेला सगळा कागद भिजला. मी तिथे गेले. छापखान्याचा मालक म्हातारा होता. तो पायजमा वर खोचून पाण्यात उभा होता आणि भिजलेल्या गठ्ठ्यांवर थापटत होता, जनावराला थापटावं तसं. मी त्याला सांगितलं, हे माझ्यामुळे झालं. तो म्हणाला, "तुम्ही आलात, हे बरं केलंत." एवढंच. त्या दिवसापासून शून्य दिसलं की मी आधी संशय घेते.

दाढीवाला टाइप करत होता. "म्हणजे चूक टीमची होती."

"नाही. माझी."

"बरं. आणि यातून सकारात्मक असं काय साधलं?"

"कागद भिजला," मी म्हटलं.

त्याने मान हलवली, आणि मला वाटलं, संपलं. पण दहा दिवसांनी नोकरी मिळाल्याचं पत्र आलं. भाचीने उड्या मारल्या. बहिणीने फोनवर रडून घेतलं. मीही रुजू झाले आणि माणसाने पाठवलेला फोटो दुसऱ्या माणसाला अर्धा सेकंद लवकर कसा दिसेल, या कामाला लागले.

वर्ष झालं तेव्हा वरून निरोप आला की आता मीही मुलाखती घ्यायच्या. त्यासाठी दोन दिवसांचं शिक्षण होतं. वर्ग घुबडात भरला. आम्ही पंधरा जण, आणि शिकवायला निवड समितीचा प्रमुख. तो माणूस प्रत्येक गोष्टीला एक ते पाच गुण द्यायचा. कॅन्टीनच्या कॉफीला, हवेला, सहकाऱ्यांच्या लग्नालासुद्धा. सगळे त्याला पाठीमागे फूटपट्टी म्हणायचे.

फूटपट्टीने पडद्यावर एक जुना अहवाल लावला. उमेदवाराचं नाव झाकलेलं. "हा आदर्श अहवाल," तो म्हणाला. "मुलाखतकाराने काय टिपलंय बघा."

मी वाचलं. इमारतीत येणाऱ्या-जाणाऱ्या लोकांचा प्रश्न. उमेदवार सुरुवातीला चुकीच्या दिशेने गेली. मग थांबली. 'या क्षणी तिच्या मनात विचार आकार घेताना मला प्रत्यक्ष दिसला. प्रश्न तिच्यासाठी पूर्ण नवा होता, तरी ती डगमगली नाही. अस्सल विचारशक्ती. पाचपैकी पाच.'

माझे कान तापले.

"आणि हा दुसरा," फूटपट्टी म्हणाला. "इथे धोक्याची खूण ओळखायची."

दुसऱ्या अहवालातही नाव झाकलेलं होतं. पण छापखाना होता, भिजलेला कागद होता. 'उमेदवाराला अपयशातून यश काढून दाखवता आलं नाही. वारंवार स्वतःकडे दोष घेतला. आत्मविश्वासाचा अभाव. पाचपैकी एक.'

"आता सांगा," फूटपट्टीने वर्गाकडे वळून विचारलं, "या दोघींपैकी तुम्ही कोणाला घ्याल?"

पंधरापैकी चौदा जणांनी पहिलीचं नाव घेतलं. नाव म्हणजे, 'पहिली' म्हणाले. एकाने तर सांगितलं, दुसरीसारखी माणसं टीमला खाली ओढतात. दोन्ही बायका शेवटच्या रांगेत एकाच खुर्चीवर बसून पाण्याच्या बाटलीचं झाकण फिरवत होत्या. मी तोंड उघडायला हवं होतं. उघडलं नाही. नोकरीला वर्षच झालं होतं, आणि भित्रेपणाला कारण कधी कमी पडत नाही.

तीन महिन्यांत मी एकोणीस मुलाखती घेतल्या. प्रश्न यादीतूनच घ्यायचा, असा नियम होता, आणि माझ्या वाट्याला आला तो इमारतीचाच. एकोणीसही जण आधी चुकीच्या दिशेने गेले. एकोणीसही जण थांबले. कोणी छताकडे बघितलं, कोणी मार्कर हनुवटीवर टेकवला. एकाने डोळे मिटले, ते मात्र जरा जास्त झालं. त्यांना बघताना मला शिसारी यायची आणि मी गुण द्यायचे. चार, चार, पाच, चार.

विसावा उमेदवार अडतीस वर्षांचा होता. आधी लिफ्ट दुरुस्त करायचा, मग लिफ्ट चालवणारा कोड लिहायला शिकला. हाताच्या रेषांत जुनं ग्रीस मुरलेलं, इस्त्रीचा शर्ट, आणि गळ्याशी शेवटचं बटणसुद्धा लावलेलं. मी म्हटलं, समजा, एक इमारत आहे.

"मॅडम, थांबा," तो म्हणाला. "हा मी सोडवलाय. मागच्याच महिन्यात. बायकोने माझ्याकडून पाठ करून घेतलाय. दुसरा द्या."

मी मार्कर खाली ठेवला.

"तुम्हाला माहीत आहे ना, हे सांगितलं नसतंत तर पैकीच्या पैकी मिळाले असते?"

"हो. पण मग तुम्ही कशाची मुलाखत घेतली असती? माझ्या बायकोची?"

यादीत दुसरा प्रश्न होता. मी यादी बंद केली. "लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली आहे," मी म्हटलं. "आत माणसं आहेत. तुमचा सेन्सर सांगतो, दार बंद आहे, सगळं ठीक. काय कराल?"

तो पुढे सरकून बसला. "सेन्सर किती जुना आहे, ते आधी विचारीन. कारण वायर तुटली की काही सेन्सर 'बंद'च सांगतात. माझ्या बाबतीत एकदा झालंय." आणि पुढची चाळीस मिनिटं तो बोलत होता आणि मी विचारत होते. मध्ये तो दोनदा चुकला, आणि दोन्ही वेळा स्वतःच थांबून म्हणाला, "नाही, हे खोटं बोललो मी," आणि पुसून पुन्हा लिहिलं. खरं थांबणं कसं दिसतं, ते त्या दिवशी मला दिसलं. त्यात ऐट अजिबात नसते. माणूस जरा बावळटच दिसतो.

मी त्याला पाच दिले.

निवड समितीची बैठक गुरुवारी झाली. फूटपट्टी टेबलाच्या टोकाला, बाकी चौघे लॅपटॉपमागे.

"प्रश्न माहीत असल्याचं त्याने कबूल केलं," फूटपट्टी म्हणाला. "म्हणजे नियमानुसार तुमची फेरी बाद. तुम्ही यादीबाहेरचा प्रश्न विचारलात, तेही बाद. उरलेल्या फेऱ्यांत त्याची सरासरी तीन पॉइंट एक. आपली रेषा साडेतीनला."

"त्याने खरं सांगितलं, म्हणून तो बाद?"

"तसं नाही. त्याच्याबद्दल पुरेशी माहिती मिळाली नाही, म्हणून."

"याआधीच्या एकोणीस जणांनाही तो प्रश्न पाठ होता."

"हा तुमचा अंदाज झाला. पुरावा नाही."

"पुरावा आहे," मी म्हटलं. "वर्गात तुम्ही जो आदर्श अहवाल दाखवता ना, ती मी. मला तो प्रश्न महिनाभर आधी पाठ होता. कपाळाला हात कधी लावायचा, हेसुद्धा. आणि छापखान्यावाली दुसरी, तीही मीच."

लॅपटॉपमागची चारही डोकी वर आली. मला वाटलं, आता उठवतील, गळ्यातलं ओळखपत्र काढून घेतील. नवऱ्याला काय सांगायचं, हेही मनात ठरवून झालं. फूटपट्टीने माझ्याकडे बघितलं. त्याच्या डोळ्यांत राग नव्हता. हिशेब होता.

"तुम्ही गेल्या वर्षभरात काम कसं केलंत?" त्याने विचारलं.

"बरं केलं असावं. तुम्हीच साडेचार दिलेत."

"मग पद्धत बरोबरच होती," तो म्हणाला, आणि पुढच्या उमेदवाराची फाइल उघडली.

लिफ्टवाल्याला नकाराचं पत्र गेलं. त्यात त्याच्या पुढच्या वाटचालीला शुभेच्छा होत्या. महिन्याभराने समितीने सुधारणा जाहीर केली: मुलाखतीआधीच्या अर्जात एक नवा चौकोन आला. 'विचारला जाणारा प्रश्न मला आधीपासून माहीत नाही.' प्रश्न विचारायच्या आधीच तिथे खूण करायची. सगळे करतात. मुलाखतकारांच्या यादीतून माझं नाव काढलं होतं, आणि मी ते परत घालायला सांगितलं नाही.

पण तो माणूस डोक्यातून जाईना. शेवटी मी माझ्या जुन्या साहेबांना फोन केला. कंपनी बंद झाल्यावर ते स्वस्थ बसले नाहीत. पंपांच्या देखभालीची स्वतःची छोटी कंपनी काढून बसलेत. मी म्हटलं, "साहेब, एक माणूस आहे. खरं बोलतो."

"एवढंच?"

"कोडही चांगला लिहितो."

"पाठव."

पुढच्या आठवड्यात मी विचारलं, मुलाखत कशी झाली? साहेब म्हणाले, "मुलाखत कसली? तू सांगितलंस, मी घेतला. सोमवारपासून येतोय."

मी जाम खूश झाले. रविवारी भाची आली तेव्हा तिला सगळं रंगवून सांगितलं. वर्गातले दोन अहवाल, फूटपट्टीचा चेहरा, तो चौकोन, आणि शेवटी साहेबांना केलेला फोन. "सहा फेऱ्यांना जमलं नाही, ते दोन मिनिटांत झालं," मी म्हटलं. ती हसेल, असं मला वाटलं होतं.

"म्हणजे तू त्याच्यासाठी शब्द टाकलास," ती म्हणाली.

"टाकला. मग?"

"पाच वर्षांपूर्वी मी तुझ्याकडे आले होते, मावशी. नुकती पास झाले होते. आठवतंय? याच टेबलावर. म्हटलं, तुझ्या साहेबांना एकदा सांग ना. तू काय म्हणालीस?"

मला आठवत होतं.

"म्हणालीस, आपण वशिला लावत नाही. स्वतःच्या हिमतीवर मिळव. मग मी सहा महिने त्या कोड्यांचा अभ्यास केला. शिकवण्या सांभाळून. आई दुकानातून आली की मला चहा करून द्यायची आणि समोर बसून राहायची, मी झोपू नये म्हणून. तुझ्या दृष्टीने ते नाटक असेल. मला तेवढा एकच दरवाजा होता. तिथे मी कोणाची कोण, हे कोणी विचारलं नाही."

"तुझ्याबद्दल नव्हते बोलत मी."

"माझ्याबद्दलच बोलत होतीस. वर्षभर तेच बोलतेयस. मी फक्त आज उत्तर दिलं."

तिने कप सिंकमध्ये नेऊन विसळला, उपडा ठेवला, पर्स घेतली. मी दारापर्यंत गेले. काहीतरी म्हणायला हवं होतं, पण जे जे सुचलं ते फूटपट्टीच्या तोंडी शोभलं असतं.

तीन आठवडे तिचा फोन आला नाही. चौथ्या आठवड्यात मीच केला आणि सांगितलं, तेव्हा मी चुकले होते. तुझ्यासाठी फोन करायला हवा होता, निदान उपदेश तरी करायला नको होता.

"मला मुलाखती घ्यायला बोलावलंय," ती म्हणाली. "आमच्या कंपनीत. मी हो म्हटलं."

"बरं केलंस."

"मावशी, तू त्या लिफ्टवाल्याला नेमकं काय काय विचारलंस, ते मला सांगशील? पहिल्यापासून. मी लिहून घेते."

मी खुर्ची ओढून बसले आणि सांगायला लागले.